तिठ्यावरचे ज्ञान

पवईच्या निमित्ताने प्रश्नमंजूषेचा विचार

इंग्रजीत ज्याला ‘ट्रिव्हिया’ म्हणतात आणि मराठीत किरकोळ, फुटकळ किंवा क्षुल्लक माहिती अशा काहीशा तुच्छतेच्या शब्दांनी ज्याचा उल्लेख होतो, त्या माहितीला तिचे नाव एका रस्त्यावरून मिळालेले आहे. लॅटिन भाषेत ‘ट्रि’ म्हणजे तीन आणि ‘व्हिया’ म्हणजे वाट. या तीन वाटा जेथे एकमेकींना भेटतात तो ‘ट्रिव्हियम’, म्हणजे कोकणात ज्याला तिठा म्हणतात तो. तिठ्यावर कोणीही थांबू शकतो आणि कोणीही कोणाशीही बोलू शकतो, म्हणून तिठ्यावरच्या गप्पांना जो अर्थ चिकटला तो सर्वसामान्य, हलक्या गोष्टींचा होता. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत मात्र हाच शब्द व्याकरण, तर्कशास्त्र आणि वक्तृत्व या तीन पायाभूत विद्यांच्या गटासाठी वापरला जात असे, आणि त्यांच्यानंतर शिकायच्या अंकगणित, भूमिती, संगीत व खगोलशास्त्र या चार विद्यांना ‘क्वाड्रिव्हियम’, म्हणजे चौक, असे म्हणत. खेळाचे नाव म्हणून ‘ट्रिव्हिया’ हा शब्द रूढ झाला तो १९६० च्या दशकाच्या मध्यात, जेव्हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एडविन गुडगोल्ड आणि डॅन कार्लिन्स्की या विद्यार्थ्यांनी जुन्या चित्रपटांतील आणि रेडिओ मालिकांतील बारीकसारीक तपशिलांवर स्पर्धा भरवल्या आणि १९६६ मध्ये त्याच नावाचे पुस्तकही काढले.

एकाच शब्दात गप्पा आणि विद्या हे दोन्ही अर्थ असावेत, हे प्रश्नमंजूषेच्या खेळाला फार शोभून दिसते. या खेळात विचारली जाणारी माहिती सुटी घेतली तर बहुधा निरुपयोगी असते. परंतु ती ज्या प्रश्नात बसवलेली असते तो प्रश्न नीट रचलेला असेल, तर तीच माहिती इतिहास, भूगोल, भाषा आणि विज्ञान यांच्या वाटा एका ठिकाणी आणून सोडते. मुंबईच्या उपनगरांतील पवई हे या विधानाची परीक्षा घेण्यास सोयीचे स्थान आहे, कारण एका तलावाभोवतीच्या काही चौरस किलोमीटरांत तेथे जलव्यवस्था, पारशी जमीनदारी, शीतयुद्धाचे राजकारण, डॅनिश अभियंत्यांचा उद्योग आणि खाणींच्या जागी उभी राहिलेली आधुनिक वसाहत एकमेकांना खेटून उभी आहेत.

मद्यालयातील खेळ

मद्यालयात, म्हणजे इंग्रजांच्या ‘पब’मध्ये, संघ करून प्रश्नोत्तरे खेळण्याची प्रथा ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात व्यवस्थित मूळ धरू लागली. शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर यांनी १९७६ मध्ये दक्षिण इंग्लंडमधील मद्यालयांसाठी संघटित स्पर्धा सुरू केल्या. आरंभी ३२ संघ असलेला हा उपक्रम पुढे काही हजार संघांपर्यंत पोहोचला. आठवड्याच्या ज्या रात्री गिऱ्हाईक कमी असते त्या रात्री टेबले भरावीत, हा मद्यालयांच्या मालकांचा हिशेब सरळ होता आणि तो आजही जगभर तसाच आहे.

तथापि मद्यालय आणि माहिती यांचे नाते त्याहून जुने आहे. १९५१ मध्ये गिनेस या आयरिश मद्यनिर्मिती कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक सर ह्यू बीव्हर वेक्सफर्ड परगण्यात शिकारीला गेले असता युरोपातील सर्वांत वेगवान शिकारी पक्षी, म्हणजे ज्याची शिकार केली जाते असा पक्षी, कोणता यावर वाद झाला आणि त्याचा निकाल लावणारे एकही पुस्तक त्यांना सापडले नाही. अशा वादांची उत्तरे एका ठिकाणी मिळावीत या कल्पनेतून नॉरिस आणि रॉस मॅकव्हर्टर या जुळ्या भावांच्या हाती काम सोपवण्यात आले आणि १९५५ मध्ये ‘गिनेस बुक’ची पहिली आवृत्ती निघाली. विक्रमांचा ग्रंथ म्हणून जगभर माहीत असलेले हे पुस्तक मुळात मद्यालयांतल्या पैजा मिटवण्यासाठी जन्माला आले होते.

महाराष्ट्रात या खेळाची जागा वेगळ्या पार्श्वभूमीवर उभी आहे. तत्कालीन मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि पुढे त्याची धार कमी झाली, तरी मद्यपानासाठी परवाना लागतो ही तरतूद टिकून राहिली. महाराष्ट्रातील मद्यालयांबाहेर ‘परमिट रूम’ ही पाटी दिसते ती याच इतिहासामुळे. ‘परमिट रूम’ या शब्दाला मराठी बोलण्यात पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीचा जो वास होता, तो पवईच्या हिरानंदानीसारख्या वसाहतींतील काचेच्या दर्शनी भागाच्या उपाहारगृहांनी बराचसा घालवला. कार्यालयांतून सुटलेली तरुण मंडळी आणि आजी-माजी विद्यार्थी यांची वर्दळ असलेल्या अशा ठिकाणी ‘क्विझ नाइट’ची कल्पना रुजणे स्वाभाविक होते.

या खेळाची रीत साधी असते. चार ते सहा जणांचा संघ एका टेबलाभोवती बसतो, स्वतःला एखादे गमतीदार नाव देतो, प्रश्न ध्वनिवर्धकावरून विचारले जातात आणि उत्तरे कागदावर लिहून द्यायची असतात. फेऱ्या विषयवार असतात: एक फेरी चित्रांची, एक गाण्यांच्या तुकड्यांची, एक खेळांची, एक निव्वळ सामान्य ज्ञानाची. काही ठिकाणी संघाला ‘जोकर’ वापरण्याची मुभा असते, म्हणजे ज्या फेरीवर आपला भरवसा आहे ती आधी जाहीर करून तिचे गुण दुप्पट करून घेता येतात. मोबाइल फोन टेबलावर उलटा ठेवावा एवढाच कडक नियम असतो, आणि तो पाळला जातो की नाही यावर त्या रात्रीची सगळी रंगत अवलंबून असते.

भारतीय वळण

भारतात प्रश्नमंजूषेचा उगम मद्यालयात झाला नाही. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कोलकात्यातील एका चर्चच्या सभागृहात पहिली औपचारिक खुली प्रश्नमंजूषा घेतली असे मानले जाते. बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टने १९७० च्या दशकात शालेय मुलांना या खेळाची गोडी लावली. रेडिओवर हमीद सायानी आणि त्यांच्यानंतर त्यांचे बंधू अमीन सायानी यांच्या आवाजात हा कार्यक्रम घरोघरी पोहोचला आणि १९९० च्या दशकात नील यांचे पुत्र डेरेक ओब्रायन यांच्यासह तो दूरचित्रवाणीवर आला. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांच्या ‘क्विझ टाइम’ने दूरदर्शनवर महाविद्यालयीन संघांना आणले. याच काळात हैदराबादचे ‘के-सर्कल’ (१९७२) आणि बंगळूरचे ‘कर्नाटक क्विझ असोसिएशन’ (१९८३) यांसारखी हौशी मंडळे स्थापन झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील बोट क्लबच्या नावाने चालणारे मंडळ आणि मुंबईतील ‘बॉम्बे क्विझ क्लब’ यांनी हीच परंपरा चालवली.

या मंडळांतून खेळाला जे भारतीय वळण मिळाले ते मुख्यतः दोन गोष्टींत दिसते. पहिली गोष्ट नियमांची आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक संघाला ठरावीक प्रश्न थेट मिळत आणि उत्तर चुकले तर प्रश्न पुढच्या संघाकडे सरके, त्यामुळे दुबळ्या संघाच्या शेजारी बसलेल्या संघाला आयती संधी मिळे. हा योगायोगाचा फायदा कमी करण्यासाठी ‘इन्फिनिट बाउन्स’ ही पद्धत रूढ झाली, जिच्यात प्रश्न एकामागून एक संघांकडे फिरत राहतो आणि जो संघ उत्तर देतो त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू होतो. तिला ‘पाउन्स’ची जोड मिळाली, म्हणजे आपली पाळी नसतानाही उत्तर लिहून देण्याची मुभा, अर्थात उत्तर चुकल्यास गुण कापले जाण्याची जोखीम पत्करून. दुसरी गोष्ट प्रश्नाच्या स्वरूपाची आहे. भारतीय क्विझकरी ज्याला ‘फंडा’ म्हणतात ती, म्हणजे उत्तरामागची गोष्ट किंवा कारण, हाच प्रश्नाचा गाभा मानला जाऊ लागला, आणि ठाऊक नसलेले उत्तरही दिलेल्या दुव्यांवरून तर्काने काढता येणे, ज्याला ही मंडळी ‘वर्क आउट करणे’ म्हणतात, हे चांगल्या प्रश्नाचे लक्षण ठरले.

घराघरांतल्या प्रेक्षकापर्यंत या खेळाचे दुसरे रूप गेले. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे त्यातील पहिले करोडपती ठरले. त्यांचा अखेरचा प्रश्न संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा संविधानाने कोणाला दिली आहे असा होता आणि उत्तर होते महान्यायवादी, म्हणजे भारत सरकारचा सर्वोच्च कायदेविषयक अधिकारी, जो सभागृहात बोलू शकतो परंतु मत देऊ शकत नाही. २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली या कार्यक्रमाचे मराठी रूप आले, आणि २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी हिंदी कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकून सामान्य ज्ञान ही शहरी, इंग्रजी शिकलेल्या वर्गाची मिरास आहे या समजाला चांगलाच तडा दिला.

मराठीतले सवाल-जवाब

प्रश्नाने प्रतिस्पर्ध्याला अडवण्याची कला मराठी समाजाला परकी नाही. आज उखाणा म्हणजे नाव घेण्याचे पद्य असा अर्थ रूढ असला, तरी जुन्या मराठीत उखाणा म्हणजे कोडे. गोव्याकडे कोड्याला हुमाणे म्हणतात. महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नांची कथा तर चुकीच्या वागणुकीला सर्वांत कठोर शिक्षा असलेल्या प्रश्नमंजूषेची कथा म्हणून वाचता येते, कारण प्रश्नांकडे दुर्लक्ष करून पाणी पिणारे चारही भाऊ तळ्याकाठी निष्प्राण पडले आणि शांतपणे उत्तरे देणाऱ्या युधिष्ठिराने त्यांना परत मिळवले.

मात्र आजच्या सांघिक प्रश्नमंजूषेला सर्वांत जवळचा मराठी प्रकार म्हणजे भेदिक शाहिरी. ‘भेद’ म्हणजे रहस्य; जिच्यात पुराणांतील, अध्यात्मातील किंवा सृष्टीतील एखादे रहस्य कवनातून विचारले जाते आणि प्रतिपक्षाने ते कवनातूनच उलगडायचे असते, ती भेदिक रचना. कलगी आणि तुरा या दोन पक्षांत हे सवाल-जवाब रात्रभर चालत. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला, श्रेष्ठ मानत आणि कलगीवाले शक्तीला, म्हणजे मायेला. दोन संघ, ठरलेला विषय, पाळीपाळीने प्रश्न, जाणकार श्रोत्यांची दाद आणि उत्तर न आल्यास होणारी जाहीर नामुष्की, अशी प्रश्नमंजूषेची सर्व अंगे तेथे आहेत. कोकणातून मुंबईत आलेल्या चाकरमान्यांनी हीच परंपरा शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांच्या रूपाने शहरातल्या नाट्यगृहांत आणली, आणि पवईच्या कुशीतील भांडुप, विक्रोळी, घाटकोपर या उपनगरांत कोकणी वस्ती मोठी असल्यामुळे शक्ती-तुऱ्याचे जाणकार आणि क्विझचे जाणकार एकमेकांना न ओळखता एकाच लोकलने प्रवास करीत असतात.

उत्तर पडताळून पाहण्याची साधनेही मराठीने स्वतः घडवली. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पूर्ण केले, आणि राज्यस्थापनेनंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू होऊन १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. मुख्य मालिका पुढे २० खंडांपर्यंत गेली. प्रश्न काढणाऱ्याला मराठीत आधार सापडत नाही, ही तक्रार या दोन कोशांकडे पाहता टिकत नाही.

पवईची प्रश्नपत्रिका

पवईवर रचता येण्याजोग्या प्रश्नांपैकी पहिला अर्थातच तलावाचा आहे. दर पावसाळ्यात मुंबईकर वर्तमानपत्रांत सात तलावांच्या पातळीचे आकडे वाचतात: अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. यांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. मग शहराच्या हद्दीतील, पाणीपुरवठ्यासाठीच बांधलेला आणि तरीही या यादीत नसलेला तलाव कोणता? उत्तर पवई हे आहे. १८९० च्या सुमारास पाणीटंचाईवर उपाय म्हणून बांध घालून हा तलाव तयार करण्यात आला, परंतु त्याचे पाणी पिण्याच्या योग्यतेचे राहिले नाही आणि तो घरगुती पुरवठ्याच्या व्यवस्थेतून बाहेर पडला. पवई तलाव नैसर्गिक आहे अशी अनेकांची समजूत असते, आणि त्यात आढळणाऱ्या मगरींमुळे ती अधिकच पक्की होते. म्हणून एकाच प्रश्नात भूगोल, नगररचना आणि गैरसमज या तिन्हींची परीक्षा होते.

याच तलावाच्या सांडव्यातून दुसरा प्रश्न निघतो. विहार आणि पवई या तलावांचे जादा पाणी एकत्र येऊन जी नदी सुरू होते ती मिठी. ती विमानतळाच्या धावपट्टीजवळून वळून माहीमच्या खाडीत मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि ही नदी म्हणजे गटार नव्हे, नदी आहे, हे शहराला फार मोठी किंमत मोजून कळले. मिठीचा उगम विचारणारा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याचे उत्तर ठाऊक असलेल्याला पवई तलाव भरून वाहू लागल्याची बातमी कुर्ल्याच्या रहिवाशाशी कशी संबंधित आहे हे आपोआप समजते.

तिसरा प्रश्न आंब्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पवईची जमीन फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे होती आणि त्यांनी तेथे बागायतीचे प्रयोग केले. धोबीतलावावरील फ्रामजी कावसजी सभागृह त्यांच्याच नावाचे आहे. १८३८ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीला आंबे पाठवल्याची नोंद पारशी इतिहासात आढळते. या नोंदीचा प्रश्न करताना कुशल क्विझमास्टर आंबे कोणी पाठवले एवढेच विचारणार नाही. ते कोणत्या वाटेने गेले हे विचारील. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला, म्हणजे आंब्यांच्या वेळी तो नव्हता. परंतु १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेची बोट मुंबईहून सुएझला गेल्यापासून तांबड्या समुद्रातून आणि पुढे इजिप्तच्या जमिनीवरून टपाल नेण्याची वाट खुली झाली होती. केप ऑफ गुड होपला वळसा घालून कित्येक महिने जाणाऱ्या जहाजातून आंबा पाठवण्याचा विचार कोणी शहाणा करणार नाही, एवढा तर्क ज्याला करता येईल त्याला तारीख पाठ नसली तरी उत्तर सापडेल.

चौथा प्रश्न तंत्रशिक्षणाचा. मुंबईचे भारतीय तंत्रज्ञान संस्थान १९५८ मध्ये वरळी येथील तात्पुरत्या जागेत सुरू झाले आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईला त्याची कोनशिला बसवली. युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत संघाचे साहाय्य या संस्थेला मिळाले होते. त्याच सुमारास मद्रासच्या संस्थेला पश्चिम जर्मनीने, कानपूरच्या संस्थेला अमेरिकेने आणि दिल्लीच्या संस्थेला ब्रिटनने मदत केली. ही चार नावे आणि चार देश यांच्या जोड्या लावा, असा प्रश्न दिसायला शालेय आहे. पण अलिप्ततावादी भारताने शीतयुद्धातील दोन्ही गटांकडून आपल्या उपयोगाचे कसे मिळवले, हे त्या जोड्यांतून जितके थोडक्यात दिसते तितके एखाद्या लांबलचक प्रकरणातूनही दिसणार नाही. या संस्थेतून १९७८ मध्ये धातुशास्त्राची पदवी घेतलेले मनोहर पर्रीकर २००० मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री झाले आणि आयआयटीचा पदवीधर प्रथमच एखाद्या भारतीय राज्याच्या मुख्यमंत्रिपदी बसला, हा गोव्याच्या आणि पवईच्या स्पर्धकांना सारखाच प्रिय असलेला प्रश्न आहे. येथील विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ हा छोटा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही अग्निबाणाने अवकाशात सोडला, हा त्याच मालिकेतील पुढचा दुवा.

पाचवा प्रश्न नावांचा. पवईतील ज्या मोठ्या कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे मुंबईतील बहुतेकांच्या तोंडी आहेत, त्या लार्सन अँड टुब्रोची स्थापना १९३८ मध्ये मुंबईत हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन क्रिस्तियन टुब्रो या दोन अभियंत्यांनी केली. ते कोणत्या देशाचे, असे विचारले की बहुतेक संघ ब्रिटन किंवा स्वीडन लिहितात. उत्तर डेन्मार्क आहे. रोमन लिपीत आडनावाच्या शेवटी ‘sen’ आले की नॉर्वे किंवा डेन्मार्क आणि ‘son’ आले की स्वीडन, हा ढोबळ आडाखा ज्याला ठाऊक आहे त्याला येथे अर्धी वाट आधीच मोकळी मिळते.

चांगल्या प्रश्नाची घडण

वरील पाचही उदाहरणांतून एक नियम निघतो तो असा, की प्रश्नाचे मोल उत्तराच्या दुर्मिळतेवर ठरत नाही, उत्तरापर्यंत नेणाऱ्या वाटेवर ठरते. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण, हा प्रश्न इतका झिजलेला आहे की तो ऐकताच स्पर्धक भानू अथय्या हे नाव लिहून मोकळे होतात आणि नवीन काही घेऊन जात नाहीत. तोच प्रश्न असा मांडता येतो: कोल्हापूरला जन्मलेल्या, चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या आणि १९५६ च्या ‘सीआयडी’पासून वेशभूषा करणाऱ्या एका कलावतीने २०१२ मध्ये आपल्याजवळची एक वस्तू सुरक्षित राहावी म्हणून अमेरिकेतील संस्थेकडे परत पाठवली, ती वस्तू कोणती? ज्याला त्यांचे नाव आठवत नाही त्यालाही कोल्हापूरची चित्रपरंपरा, वेशभूषा आणि अमेरिकेतील संस्था या तीन दुव्यांवरून १९८३ मध्ये ‘गांधी’ चित्रपटासाठी मिळालेल्या ऑस्करच्या बाहुलीपर्यंत जाता येते, आणि ज्याला नाव ठाऊक होते त्याला ती बाहुली आता भारतात नाही ही गोष्ट नव्याने कळते.

याच्या उलट, ज्या प्रश्नाचे उत्तर एकतर येते किंवा येत नाही आणि विचार करून काहीच हाती लागत नाही, तो प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांना शोभतो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा आणि राज्यफूल ताम्हण ही यादी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणारा कोणताही उमेदवार झोपेतही म्हणेल. पण १ मेच्या आसपास रस्त्याकडेच्या कोणत्या झाडाला येणारा जांभळा बहर पाहून महाराष्ट्र दिन जवळ आल्याचे ओळखावे, असे विचारले की यादीतले ताम्हण डोळ्यांसमोर येते.

उत्तरांचे आयुष्य

प्रश्न काढणाऱ्याला सर्वांत मोठा धोका असतो तो कालबाह्य उत्तराचा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. पवई ज्या मुंबई उपनगर जिल्ह्यात येते तो १९९० मध्ये वेगळा झाला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर झाल्यावर ही संख्या ३६ झाली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे छत्रपती शिवाजी टर्मिनस १९९६ मध्ये झाले आणि ‘महाराज’ हा शब्द २०१७ मध्ये त्यात आला. पवईतच १९६३ पासून ‘निटी’ या नावाने ओळखली जाणारी औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, त्यामुळे जुन्या प्रश्नसंचातून उचललेला तिच्याविषयीचा प्रश्न आज वादाला कारण होईल.

दुसरा धोका सर्वांनी खरे मानलेल्या खोट्या उत्तराचा. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ आहे असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले, परंतु २०१२ मध्ये माहितीच्या अधिकाराखालील अर्जाला उत्तर देताना केंद्र सरकारने कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ घोषित केलेले नसल्याचे स्पष्ट केले. हिंदी ही राष्ट्रभाषा असल्याचे उत्तरही असेच सर्रास लिहिले जाते. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ नुसार देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा, म्हणजे शासकीय कामकाजाची भाषा, आहे; राष्ट्रभाषा नव्हे.

चुकीची माहिती किती दूर पसरते याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘ट्रिव्हियल परस्यूट’ या खेळाचे आहे. १९७९ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे ख्रिस हॅनी आणि स्कॉट ॲबट यांनी कल्पिलेल्या या पटावरच्या खेळाच्या लक्षावधी प्रती खपल्या. फ्रेड वर्थ या अमेरिकी लेखकाने आपल्या माहितीकोशात ‘कोलंबो’ या दूरचित्रवाणी मालिकेतील गुप्तहेराचे पहिले नाव ‘फिलिप’ असल्याचे मुद्दाम खोटे लिहून ठेवले होते, आणि तेच ‘फिलिप’ ट्रिव्हियल परस्यूटच्या एका कार्डावर उत्तर म्हणून छापले गेले. वर्थने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलर्सचा दावा लावला. चोर तर सापडला होता, पण न्यायालयाने दावा फेटाळला, कारण तथ्यांवर कोणाचा स्वामित्वहक्क असत नाही. प्रश्नमंजूषेच्या जगाला या खटल्याने दोन धडे दिले: माहिती सर्वांची असते, आणि एकाच पुस्तकावर विसंबून काढलेला प्रश्न कधीतरी गळ्याशी येतो.

मराठी प्रश्नाची जागा

मुंबईतील मद्यालयांत आणि महाविद्यालयांत होणाऱ्या प्रश्नमंजूषा बहुतांशी इंग्रजीत असतात, आणि भाषेपाठोपाठ विषयही ठरून जातात. हॉलिवूड, इंग्लिश फुटबॉल आणि अमेरिकी मालिका यांना जितकी जागा मिळते तितकी ज्या जमिनीवर ते टेबल मांडलेले आहे तिला मिळत नाही. दुसऱ्या बाजूला मराठीतील सामान्यज्ञान स्पर्धा गणेशोत्सव मंडळे, वाचनालये आणि शाळा यांच्यामार्फत होतात, पण त्यांच्या प्रश्नांवर अजूनही स्पर्धा परीक्षांच्या पाठांतराची छाया असते. एकीकडे उत्तम घडणीचे, पण दूरच्या मातीतले प्रश्न आणि दुसरीकडे जवळच्या मातीतले, पण सपाट प्रश्न, अशी ही विभागणी आहे. दोन्ही बाजूंना एकमेकींकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि भेदिक कवनांचा वारसा असलेल्या भाषेला प्रश्नाची घडण बाहेरून आणण्याचीही गरज नाही.

ज्यांना आपल्या सोसायटीत, मंडळात किंवा एखाद्या उपाहारगृहात अशी रात्र मांडायची असेल, त्यांनी तीन पथ्ये पाळावीत. प्रत्येक उत्तर दोन स्वतंत्र आधारांवर तपासावे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत खरे आहे हे नोंदवून ठेवावे. प्रत्येक प्रश्नात विचार करणाऱ्याला धरायला निदान एक दुवा ठेवावा. आणि दर फेरीत एक प्रश्न, ज्या ठिकाणी खेळ चालला आहे, तेथून पायी जाता येईल अशा अंतरावरचा असावा. पवईत तो पहिला प्रश्न तलावाचा असावा, कारण रोज त्याच्या काठाने बसने जाणाऱ्या कित्येकांना तो मानवनिर्मित आहे हे अजून ठाऊक नाही.